आषाढात पापड कुठे वाळवणार?

पारोळा तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. चार पानी आहे, म्हणून जरा आवरून देते.

"आक्का, माझं वय अडतीस. सहा वर्षांपासून घरी उडदाचे पापड, बिबडे आणि कुरडया करते. बचत गटातून पंधरा हजार उचलून सुरुवात केली होती, ते कधीच फिटले. आता गल्लीतल्या पाच जणी लाटायला येतात. हंगामात महिन्याला दीडशे किलो पापड पुण्या-नाशकाच्या ओळखीच्या लोकांना जातो, भाव २८० रुपये किलो. जळगावच्या एका व्यापाऱ्यानं आता सगळा माल मागितलाय. दरमहा ६०० किलो, बाराही महिने, २३५ रुपयांनी. पिशवी त्याच्या छापाची. माल महिन्यातून तीन फेऱ्यांत आम्हीच पोचवायचा, एका फेरीला टेम्पो ९०० घेतो. बिल महिनाअखेरीला आणि पैसे बिलानंतर तीन महिन्यांनी. मला किलोमागे २१३ रुपये पडतात : डाळीचं पीठ १३०, मिरी-जिरं-हिंग २५, पापडखार, मीठ, तेल मिळून १०, लाटायची मजुरी ४०, पिशवी-खोकं ८. म्हणजे २२ रुपये सुटतात, ६०० किलोला तेरा हजारांवर. कमी नाही ना? माझ्याजवळ सत्तर हजार शिल्लक आहेत. हे म्हणतात, 'पाच लाखांचं पापडाचं मशीन घेऊ, कर्ज माझ्या नावावर काढू, बँकेत बाईला कोण विचारतं, आणि शेडही माझ्याच जागेत आहे.' सासूबाई म्हणतात, 'तुले काय कमी शे?' मुलगी यंदा दहावीला. पीठ कुटून माझा उजवा खांदा रात्री ठणकतो. शेतात निंदायला येणाऱ्या बाया तीनशे रुपये रोज घेतात, मी लाटणाऱ्यांना त्याहून कमी देते याचंही वाईट वाटतं. काय करू?"

ताई, पत्र वाचून आधी मी वही-पेन्सिल काढली. तीस वर्षं बँकेत कर्जाच्या टेबलावर काढली, ती सवय जात नाही. आणि तुम्ही आकडे दिलेत, त्याबद्दल खरंच शाबासकी. निम्म्या पत्रांत नुसतं "परवडत नाही हो" एवढंच असतं.

तर चला, तुमच्याच आकड्यांनी. ६०० किलोला २२ प्रमाणे १३,२०० झाले. पण तुटका पापड तुम्ही धरलाच नाही. शंभरात तीन तरी तुटतोच, घरी पोरं भाजून खातात आणि आपण ते विसरतो. अठरा किलोचे ३,८३४ गेले. टेम्पोच्या तीन फेऱ्यांचे २,७०० गेले. उरले ६,६६६. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर रोजचे २५६ रुपये. निंदायला येणारी बाई तीनशे घेते, हे तुम्हीच लिहिलंय. ती सहाला घरी जाते, आणि तुम्ही पहाटे चारला उठून पीठ भिजवता, दिवसभर लाटणाऱ्यांच्या मागे, रात्री मोजणी आणि बांधणी. मालकीणबाईंना मजुरापेक्षा कमी रोज पडतोय, आणि वर धोका सगळा त्यांचा. लाटणाऱ्यांना कमी देते म्हणून वाईट वाटतं म्हणालात, स्वतःला किती देता हे चार पानांत कुठेच नाही.

ही एकट्या तुमची चूक नाही. घरात रांधायचे पैसे कधी कुणी मोजले नाहीत, मग तेच हात धंद्याला लागले तरी तिथली मजुरी शून्य धरायची सवय राहते. वहीत एक रकाना वाढवा : "माझी मजुरी". रोज निदान चारशे धरा. तो खर्चात धरून जे उरेल तो नफा, आणि या सौद्यात काहीच उरत नाही, उलट खड्डा पडतो.

आता उधारी. पहिल्या महिन्याचं बिल चौथ्या महिन्याच्या अखेरीला मिळणार. तोपर्यंत तुम्ही चार महिन्यांचा माल घातलेला असेल. महिन्याला १,२७,८०० रुपयांचा माल, असे चार, वर टेम्पो. सव्वापाच लाखांच्या आसपास रक्कम तुमच्या खिशातून बाहेर आणि आत एक छदामही नाही. तुमच्याजवळ सत्तर हजार. म्हणजे बाकीचे साडेचार लाख तुम्ही व्याजानं उचलून त्या व्यापाऱ्याला बिनव्याजी वापरायला देणार. धंदा वाढवण्याच्या नावाखाली तुम्ही त्याची बँक होणार, असं मी म्हणेन. मशीनच्या कर्जाची भीती तुम्हाला वाटतेय, मला ती फारशी वाटत नाही. मी ज्या बायकांचे धंदे बसताना पाहिले, त्यातल्या बहुतेक थकलेल्या हप्त्यांनी बसल्या नव्हत्या. माल गेला, पैसा आला नाही, किराणावाल्यानं डाळ बंद केली, असं झालं होतं.

आणि माझा खरा प्रश्न वेगळाच आहे. बाराही महिने म्हणालात. फाल्गुन-चैत्रातलं आपल्याकडचं ऊन मी जाणते, अंगणात खाट टाकली की दुपारपर्यंत पापड खुळखुळायला लागतो. पण आषाढात कुठे वाळवणार? पंख्याखाली वाळवलेला पापड वरून कोरडा, आतून चामट. पिशवीत बंद केला की आठ-पंधरा दिवसांत बुरशी. मग व्यापारी म्हणणार माल परत घ्या, आणि तीन महिने थांबलेल्या बिलातून ते पैसे कापणार. त्याला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

म्हणून मशीनबद्दल माझं स्पष्ट मत सांगते, तुमच्या ह्यांना राग आला तरी येऊ द्या. लाटायचं मशीन घेऊ नका. पुण्या-नाशकाची माणसं तुम्हाला २८० देतात ती हातानं लाटलेल्या पापडासाठी. मशीनचा पापड बाजारात भरपूर पडलाय, तिथे तुमची गाठ मोठ्या कारखान्याशी. पैसे घालायचेच असतील तर दोन ठिकाणी घाला. एक, पीठ मळायचं यंत्र. उडदाचं पीठ तेलाचा हात लावून कुटताना खांद्याचं काय होतं हे माझ्या आईनं मला दाखवलंय. शेवटी शेवटी तिला वेणीसुद्धा घालता येत नव्हती. मुसळ बंद झालं तरी लाट्या तुम्ही दोऱ्यानंच कापाल, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून, आणि चव तीच राहील. दुसरं, वाळवणयंत्र. सौरऊर्जेवरचं चालेल, पण ढगाळ दिवसासाठी विजेची जोड असलेलं बघा. तीन ठिकाणचे भाव लेखी आणा, आणि आधीच कुणाकडे बसवलेलं असेल तर श्रावणात जाऊन डोळ्यांनी पाहा. उन्हाळ्यात दाखवायला सगळीच यंत्रं चांगली.

आता नावाचं. इथे मला एक जुनी गोष्ट कबूल करायची आहे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्या टेबलासमोर एक बाई आली होती. मिरची-हळद कांडायची, गिऱ्हाईक बांधलेलं, वहीत हिशेब नीट. कांडपयंत्रासाठी कर्ज हवं होतं. मी तिला म्हटलं, मालकांना घेऊन या. आमच्याकडे तशीच रीत होती, आणि मी बाई असून मलाही त्यात काही खटकलं नाही. कर्ज नवऱ्याच्या नावे झालं, यंत्राचं बिलही त्याच्याच नावे. हप्ते तिनं फेडले, एक न चुकवता. पुढे तो गेला, भावांच्या वाटण्या निघाल्या, आणि यंत्र घरातली मिळकत म्हणून मोजलं गेलं. ते दिराच्या वाट्याला आलं. ती कोर्टात भांडली असती तर कदाचित जिंकली असती, पण पुरावा म्हणून दाखवायला तिच्या नावाचा एकही कागद नव्हता. तो कागद तिला मीच मिळू दिला नव्हता. नंतर ती त्याच यंत्रावर दिराकडे रोजानं जायची. बँकेत दिसली की हसायची, मला मान वर करता यायची नाही.

तुमचे मालक चांगले असतील. तुम्ही लिहिलंय की टेम्पोत माल तेच चढवतात, पहाटे चहा तेच टाकतात. मी त्यांच्यावर संशय घेत नाहीये. प्रश्न त्यांच्या पश्चातल्या माणसांचा असतो. हिंदू वारसा कायदा १९५६ चा, त्याच्या चौदाव्या कलमात बाईनं स्वतःच्या कौशल्यानं किंवा कष्टानं मिळवलेली मिळकत पूर्णपणे तिच्या मालकीची धरली आहे. पण ती तुमच्या कष्टाची हे दाखवायला खातं, बिल, परवाना यांवर तुमचं नाव लागतं. अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचाच पुढे विप्रो झाला. ज्या घरांनी त्याचे शेअर्स पिढ्यान्‌पिढ्या जपले त्यांचं काय झालं ते आपल्याकडे शेंबडं पोरगंही सांगेल. राबणाऱ्याला मजुरी मिळते, कागदावर नाव असेल त्याला वाढ मिळते. हे आपण खानदेशातल्या माणसांनी तरी विसरू नये.

शेड तुमच्या ह्यांच्या जागेत आहे म्हणून काही अडत नाही. जागा वापरायला दिल्याचं साधं संमतीपत्र किंवा भाडेकरार त्यांनी करून द्यावा, एवढं पुरतं. तुमच्या नावानं एकल मालकीचा धंदा, तुमच्या नावाचं चालू खातं आणि उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, जी आधारवर, घरबसल्या आणि पूर्ण फुकट होते. तिचे हजार-दीड हजार मागणारा भेटला तर त्याला दारातून वाटेला लावा. अन्नसुरक्षेची नोंदणी छोट्या धंद्याला वर्षाला शंभर रुपयांत मिळत आली आहे. तिचा चौदा आकडी नंबर पिशवीवर छापायचा असतो. तेव्हा "पिशवीवर तुमचं काही नको" असं व्यापारी म्हणाला, तर ते त्याला कायद्यानंच म्हणता येत नाही. "विक्रेता" म्हणून त्यानं आपलं नाव मोठ्या अक्षरांत खुशाल घ्यावं, "निर्माता" म्हणून तुमचं खाली लहान का होईना असू द्या, असं त्याला सांगा. पापडावर जीएसटी नाही, त्याची चिंता सोडा.

उद्यम नोंदणी मात्र पहिला माल द्यायच्या आधी करा, नंतर नाही. कारण लघु-सूक्ष्म उद्योगांचा २००६ चा कायदा नोंदणी झालेल्यांच्या बाजूनं उभा राहतो. लेखी करार असला तरी खरेदीदाराला ४५ दिवसांपलीकडे पैसे थांबवता येत नाहीत, आणि करार नसेल तर पंधराच दिवस. उशीर केला तर बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज. तुमच्या व्यापाऱ्याचे तीन महिने मुळातच कायद्यात बसत नाहीत. शिवाय मुदत चुकवली आणि आर्थिक वर्ष संपेपर्यंतही पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्याला त्या वर्षीच्या प्राप्तिकरात वजा दाखवता येत नाही, आणि हे त्याच्या सीएला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. दमदाटी करायची गरज नाही. "आमची उद्यम नोंदणी आहे हो" एवढंच सौम्यपणे म्हणायचं आणि नंबर बिलावर छापायचा.

"बँकेत बाईला कोण विचारतं" हे मात्र निम्मं खरं आहे, नाही म्हणत नाही. २०१३-१४ च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशातल्या शंभर उद्योगांपैकी जेमतेम चौदा बायकांच्या मालकीचे निघाले, आणि बायकांच्या त्या उद्योगांतही शंभरातले ऐंशीहून अधिक असे की जिथे पगारी माणूस एकही नाही, बाई एकटी किंवा घरचेच हात. साताऱ्याकडे म्हसवडला बायकांनी स्वतःची सहकारी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा पहिला अर्ज अंगठ्यांच्या खुणा पाहून परत आला. त्या शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. तुम्ही तर सह्या करता, हिशेब ठेवता, आणि पाच जणींना काम देता. त्या शंभरातल्या ऐंशींत तुम्ही बसतच नाही.

तेव्हा कर्ज काढा, पण तुमच्या नावानं. नवऱ्याला हवं तर जामीन राहू द्या. दहा लाखांपर्यंत सूक्ष्म उद्योगाला तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शाखेत कुणी सातबारा मागितला, तर "लेखी द्या" म्हणा. बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो. (टेबलाच्या पलीकडून सांगतेय, विश्वास ठेवा.) अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना २०२० साली आली. तिच्यात प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख अनुदान, आणि स्वतःचे निदान दहा टक्के. समजा पीठ मळायचं यंत्र आणि वाळवणयंत्र मिळून तीन लाख झाले, तर तुमचे तीस हजार, अनुदान एक लाख पाच हजार, बाकी कर्ज. योजना सध्या कोणत्या टप्प्यावर आहे ते जळगावला जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा, अर्ज भरून द्यायला त्यांची नेमलेली माणसं असतात. एक गोष्ट गावात कुणी सांगणार नाही ती अशी की अनुदान हातात पडत नाही. ते बँकेत तुमच्या नावे बाजूला राहतं आणि तीन वर्षं खातं सुरळीत चाललं तर कर्जात वळतं होतं. त्या भरवशावर मुलीच्या क्लासची फी ठरवू नका. सत्तर हजारांतले चाळीस हात न लावता ठेवा, डाळीचे भाव दिवाळीत कसे उडतात ते मी तुम्हाला काय सांगू.

व्यापाऱ्याला सरळ नकार देऊ नका. त्याच्याकडे दुकानं आहेत, ती तुमच्याकडे नाहीत. उलट प्रस्ताव द्या. महिन्याला १५० किलो, २६५ रुपयांनी, एकाच फेरीत. निम्मे पैसे ऑर्डरबरोबर, उरलेले माल पोचल्यापासून पंधरा दिवसांत. पावसाळ्याचे तीन महिने वगळून. आणि हे सगळं आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, करून बघू, मग बसू. हिशेब करा : दीडशेला ५२ प्रमाणे ७,८००, तुटका साधारण साडेनऊशे, टेम्पो ९००, उरले सहा हजारांच्या आसपास. सहाशे किलोत जे ६,६६६ उरत होते, जवळपास तेवढेच एक चतुर्थांश कष्टांत. आखाजीला लेकी माहेरी येतात, परत जाताना पिशवी भरून पापड-कुरडया नेतात, तेव्हा दुकानदारालाही माल लागतोच. त्या दिवसांत भाव तुम्ही सांगायचा असतो. तो नाही म्हणाला तर नाही म्हणू दे. तुमचे पुण्या-नाशकाचे दीडशे किलो तुमचेच आहेत, ते कुणासाठी कमी करू नका.

लाटणाऱ्यांच्या मजुरीचं तुमच्या मनाला लागलंय, ते मला आवडलं. २६५ मिळाले तर किलोमागे पाच रुपये त्यांना वाढवा, तुम्हाला तेवढं झेपतं. आणि पुढेमागे त्या पाच जणींना नुसत्या मजुरीवर ठेवायचं की वाट्यात घ्यायचं, याचा विचार सुरू करा. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्याचं लिज्जत झालं. तिथली प्रत्येक लाटणारी मालकीण धरली जाते. सकाळी पीठ घेऊन जायचं, घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी पापड आणून मोजून द्यायचे. तुमच्या गल्लीत हे उद्याच करा असं मी म्हणत नाही. पाच जणींत एक रुसते, एकीचा नवरा येऊन हिशेब विचारतो, हे मी बचत गटांत भरपूर पाहिलंय. पण त्या शेतात तीनशे सोडून तुमच्याकडे का येतात, हे त्यांना एकदा विचारा. लेकरू अंगणात खेळत राहतं, भर उन्हात वाकावं लागत नाही, अशी उत्तरं येतील. त्यालाही किंमत असते, पण ती त्यांनी ठरवलेली बरी.

मुलीच्या दहावीचं फार मनावर घेऊ नका. पोरगी अभ्यास करणारी असेल तर पापडामुळे नापास होत नाही. रात्रीची मोजणी मात्र तिच्याकडून करून घेऊ नका, निदान मार्चपर्यंत.

सासूबाईंचं "तुले काय कमी शे" मी तीनदा वाचलं. त्यांना उत्तर देऊ नका, त्यांच्याकडून बिबड्याची ज्वारी किती दिवस भिजवायची ते लिहून घ्या. तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेलंय की तुमचे बिबडे त्यांच्यासारखे होत नाहीत. पुण्यात उडदाचा पापड कुणीही विकतं, बिबडे कुठे मिळतात? त्याचा भाव तुम्ही लिहिलाच नाही. तो ठरवताना वहीतला नवा रकाना धरा आणि मला कळवा. तीळ जास्त घातलेले दोन किलो हवेत, पत्ता संपादकांकडे आहे. खांद्याला आधी डॉक्टर दाखवा.

— आक्का